मासोळीच्या शिक्क्याचे डबे

गोपीचंद शेठच्या वर्कशॉपचा एक नियम होता. कारागिराला काय करायचं ते सांगायचं, कशासाठी करायचं ते सांगायचं नाही. कशासाठी ते कळलं की माणूस उद्या समोरच्या गाळ्यात स्वतःची पाटी लावतो, असं शेठचं म्हणणं. पवनीत रिकाम्या गाळ्यांना तोटा नव्हता, आणि शेठला शांत झोप हवी होती. म्हणून इतवारीने तिथे अर्धी हयात घालवली तरी आपण दिवसभर नेमकं काय करतो हे त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक आहे असं मात्र त्याला वाटत होतं, आणि घात तिथेच झाला.

वर्कशॉप गावाबाहेर, भंडारा रोडला. पलीकडच्या जिल्ह्यातल्या जमिनीखालच्या कोळशाच्या खाणींमधले बिजलीचे स्विच तिथे दुरुस्तीला येत. त्या खाणींत गॅस असतो. दिसत नाही, वास येत नाही, आणि स्विचची एवढीशी ठिणगी त्याला पुरते. म्हणून तिथला प्रत्येक स्विच जाड ओतीव लोखंडाच्या डब्यात बसवलेला असतो. वर्कशॉपात सगळे त्याला एफएलपी, म्हणजे फ्लेमप्रूफ, डबा म्हणत. झाकण जिथे डब्यावर बसतं ती कड घासून गुळगुळीत करायची, झाकण ठेवून सगळे बोल्ट आवळायचे, हे इतवारीचं काम. मग हेडमिस्त्री धनंजय येई आणि पोलादाची कागदासारखी पत्ती त्या फटीत घालून पाही. पत्ती आत शिरली की डबा नापास. नाही शिरली की पास. ही पत्ती आत का शिरायची नाही, हे शेठला आणि धनंजयला माहीत होतं. इतवारीने स्वतःच्या मनाने उत्तर काढलं होतं: डबा घट्ट पाहिजे, बाहेरचा गॅस आत जायला नको. यात चूक काय आहे, असं तुम्हालाही वाटेल.

इतवारी आसगावचा, ढिवराच्या घरचा. बाप जन्मभर तलावात डोंग्यावर उभा राहून जाळं फेकत राहिला. ही गोष्ट वर्कशॉपात कोणी त्याला विसरू देत नसे. "ए डोंगेवाल्या, डबा हाय तो. तलावात नाही सोडाचा," असं धनंजय दिवसातून एकदा तरी म्हणे, आणि बाकीचे दरवेळी नव्याने हसत. दुरुस्त झालेल्या डब्यावर फिटर आपला शिक्का ठोकतो. कोणाचं अक्षर, कोणाची दोन अक्षरं. इतवारीला किती तरी वर्षं शिक्काच नव्हता, त्याच्या डब्यांवर धनंजयचा शिक्का जाई. शेवटी शेठला दया आली की मस्करीची लहर आली कोण जाणे. त्याने इतवारीसाठी नागपूरहून मुद्दाम शिक्का बनवून आणला. अक्षर नाही, मासोळी. पोरं पोट धरून हसली. इतवारीही हसला, कारण न हसून सांगतो कोणाला? पण घरी जाताना तो शिक्का त्याने खिशात घट्ट धरून ठेवला होता. लोखंडावर उमटणारं त्याचं स्वतःचं काहीतरी त्याला पहिल्यांदा मिळालं होतं.

त्याचा धाकटा भाऊ भूपेश त्याच खाणींपैकी एकीत होता. आईबाप गेले तेव्हा भूपेश रांगत होता. इतवारी आणि त्याची बायको दुर्गा यांनीच त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. आता तो जमिनीखाली, कोळसा फोडतात त्या तोंडाशी, स्विचवर उभा राहायचा. म्हणजे इतवारीने बंद केलेल्या डब्यापाशी. इतवारी बोल्टला शेवटचा आटा देताना मनातल्या मनात त्याचं नाव घेई. देवाचं घेत नसे.

मग पाण्याची तक्रार आली. खाणीचं छत गळतं, आणि डब्यांत पाणी शिरून स्विच बंद पडत होते. एक डबा परत आला तो निम्मा भरलेला. शेठने सगळ्यांना गोळा केलं, झाकण उघडायला लावलं आणि आतलं काळं पाणी इतवारीच्या जेवणाच्या डब्यात ओतलं.

"पी," शेठ म्हणाला.

इतवारीला आधी वाटलं थट्टा आहे.

"पी ना बापा. तुह्याच हातचं हाय. खाणवाले पिऊन राहिले तं तू काहून नाही पिणार? पाण्यातलाच हायस तू."

सगळे बघत होते. इतवारी एक घोट प्यायला. त्याला कोळशाची आणि तेलाची चव होती. "पुन्हा एक थेंब निघाला तं आसगावले जाऊन झिंगे धर," असं म्हणून शेठ आत गेला. त्या दिवशी कोणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

पाणी आत येऊ न देणं म्हणजे काय, हे कोणाला कळत असेल तर ढिवराला. इतवारीचा बाप डोंग्याच्या भेगा भरायचा तसं दुसऱ्या कोणाला जमत नसे. राळ आणि जवसाचं तेल चुलीवर एकत्र कढवायचं, त्यात सूत भिजवायचं, ते भेगेत दाबून बसवायचं. पाऊसकाळ सरेपर्यंत त्या डोंग्यात थेंब येत नसे. इतवारीने रविवारी घरी राळ कढवली. दुर्गा म्हणाली, "डोंगा तं विकून टाकला, मंग हे कायले?" तो राळ ढवळत राहिला. सोमवारी धनंजय चहाला गेला की त्याने झाकणाच्या कडेला राळेचं सूत फिरवलं आणि वरून बोल्ट आवळले. धनंजयने येऊन पत्ती लावली. पत्ती कुठेच शिरेना. शिरणार कशी, फट राळेने भरलेली. धनंजयने पाठीवर थाप मारली. "आत्ता शिकला डोंगेवाला."

त्यानंतरच्या प्रत्येक डब्यात इतवारीने तसंच सूत भरलं, आणि तक्रारी थांबल्या. महिन्याभरात खाणीवरून निरोप आला की मासोळीच्या शिक्क्याचे डबे पाठवा, बाकीचे नको. भूपेश सुट्टीत आला तेव्हा गावभर सांगत फिरला: सगळे डबे रडून राहिले, माह्या भावाचा डबा कोरडा ठणठणीत. शेजारची धुरपता ते ऐकून इतकी खूश झाली की तिने तिच्या जाळ्यातली मरळ इतवारीच्या घरी आणून दिली. धुरपता विधवा. सख्खी नव्हे, पण दरसाल इतवारीला राखी बांधायची, आणि राखीपेक्षा जास्त करायची. तिचा एकुलता एक पोरगा विनोद भूपेशच्याच खाणीत पाणी उपसायच्या पंपावर होता. दोघं एका खोलीत राहत आणि एका मोटरसायकलवर गावाला येत.

विश्वकर्मा पूजेला वर्कशॉपात एक खेळ असे. शेठनेच पाडलेली प्रथा. पूजा झाली, पेढे वाटले की एक डबा मधोमध ठेवायचा, आत स्वयंपाकाच्या सिलिंडरचा गॅस सोडायचा, वरून प्लास्टिकची मोठी पिशवी घालून पिशवीतही गॅस भरायचा. आणि ज्याने डबा बंद केला त्याने पिशवीवरून झाकणावर तळहात टेकवून उभं राहायचं. मग शेठ डब्यात ठिणगी पाडणारं बटन दाबे. डब्याच्या पोटात गॅस उडे, दबका आवाज येई, पिशवी थरथरे, बस. पिशवी पेटत नसे. कारागीर हात वर करून दाखवी आणि खाणीचे साहेब टाळ्या वाजवत. दरसाल कोणाला तरी हा मान मिळे. त्या साली मान मासोळीला मिळाला.

दुर्गा नव्या लुगड्यात आली होती. पोरगी रंजू बपेऱ्याला सासरी, दिवस भरत आलेले, म्हणून ती नव्हती. इतवारीने डब्याला हळदकुंकू लावलं आणि उजवा हात टेकवला. शेठ साहेबांना म्हणाला, "पाण्यातला माणूस हाय साहेब, आता आगीत पाहा." सगळे हसले. आज इतवारीही मनापासून हसला, आणि शेठने बटन दाबलं.

आवाज दबका आला नाही. झाकणाच्या कडेतून भडक्याची जीभ बाहेर आली आणि अख्खी पिशवी एकदम पेटली. साहेब लोक मागे पळाले. इतवारीला पळता येईना, कारण वितळलेलं प्लास्टिक हाताला चिकटलं होतं, आणि हात झाकणाला. धनंजयने त्याला कमरेला धरून ओढलं तेव्हा हात सुटला, तळव्याची कातडी तिथेच राहिली. दुर्गा ओरडत होती. इतवारीच्या भुवया जळल्या होत्या. तो डब्याकडे बघून एकच म्हणत होता, "घट्ट होता ना. घट्ट होता."

दवाखान्यात संध्याकाळी शेठ आणि धनंजय आले. दुर्गाला त्यांनी चहा आणायला पाठवलं. धनंजयने झाकण उघडून पाहिलं होतं, आणि त्याचा चेहरा उतरला होता. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा इतवारीला कशासाठी ते सांगितलं.

"गॅस आत जातेच, इतवारी. किती बी घट्ट कर, जातेच. आत उडते बी. तो भडका बाहेर निघाले वाट पाहिजे म्हणून ते फट. बारीक फट, दोन्ही बाजूनं नुसतं लोखंड. भडका त्यातून घासत येते, लोखंड त्याची गर्मी खाऊन घेते, बाहेर निसता धूर निघते. तू मधात सूत टाकलं. दोन्ही कडा दूर झाल्या. राळ उडाली, सूत जळलं, अन् भडक्याले दरवाजा उघडा."

हाताचं दुखणं विसरून इतवारी उठून बसला. "खाणीत गेले ते डबे?"

"त्याचंच बोलाले आलो," शेठ म्हणाला. त्याने स्टूल जवळ ओढलं. आवाज अगदी मायेचा. "साहेबाले मी सांगतलं, पिशवीत गॅस जास्त झाला. आता आपण खाणवाल्याले सांगतलं का राळ भरली हाय, तं चौकशी लागते. पोलीस विचारतेत, राळ कोणं भरली? डब्यावर शिक्का कोणाचा? मासोळी कोणाची, इतवारी? माही हाय का?"

इतवारीने पट्टी बांधलेला हात मांडीवर ओढून घेतला.

"दिवाळीले सगळे डबे सर्व्हिसिंगले येतेतच. गुपचूप साफ करून टाकू. तोवर काय होते? इतके दिवस झालं का काही?" त्याने इतवारीच्या खांद्यावर हात ठेवला. "तुह्यासाठीच सांगून राहिलो. जेलात गेला तं दुर्गा कोणाकडे पाहीन?"

आणि इतवारीने मान हलवली. कोणी त्याचा गळा धरला नव्हता. मासोळीचा शिक्का मस्करी म्हणून बनला होता, पण शेठच्या हातात तो आता कुलपासारखा होता, आणि इतवारी स्वतःच्या पायांनी आत गेला. त्याला डोळ्यांसमोर भूपेश दिसत होता. फक्त भूपेश. बाकीची माणसं त्याला दिसलीच नाहीत, हा त्याचा गुन्हा राळेपेक्षा मोठा होता.

दुर्गा झोपल्यावर त्याने डाव्या हाताने भूपेशला फोन लावला आणि सगळं सांगितलं. "कोणापाशी बोलू नको. तू फक्त त्या डब्यापासून हट."

भूपेश म्हणाला, "हव. पाहतो मी."

त्याने कसं पाहिलं ते इतवारीला पुढच्या रविवारी कळलं. दुर्गाला बपेऱ्याला जावं लागलं होतं, रंजूच्या कळा सुरू झाल्या म्हणून. इतवारीच्या जेवणाचं धुरपताने अंगावर घेतलं. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. तो डाव्या हाताने भात उचलायला लागला तर ती रागावली. "डाव्या हातानं खातेत का दादा? लेकरू हायस का? तोंड उघड." ती भात कालवून त्याला भरवू लागली, आणि तेवढ्यात विनोद आत आला. नवा शर्ट, केस चापून बसवलेले. तो वाकून इतवारीच्या पाया पडला.

"मामा, तुमच्यामुळं झालं," तो म्हणाला. "भूपेशनं मले त्याची जागा देली. तो पंपावर गेला. म्हणे कमर दुखून राहिली, वल्या जागेत बसू दे मले. असं कोणी करते का? आता मी तुमच्या मासोळीपाशी उभा राहतो. कोरडी जागा, वरून पगार बी त्याचाच."

धुरपताच्या डोळ्यांत पाणी आलं. "भूपेशले आशीर्वाद सांगजो माहा," ती म्हणाली. "पंपावर याचे पाय सडून गेले होते दादा. रात रात खाजवत बसे."

तिने पुढचा घास केला. इतवारीच्या तोंडात आधीचा तसाच होता. आता बोलावं. एवढंच म्हणावं, विनोद, तिथे उभा राहू नको. पण मग विनोद विचारणार, काहून? आणि काहूनचं उत्तर द्यायचं म्हणजे मासोळी, पोलीस, जेल. आणि मग भूपेशने काय केलं तेही निघणार. धुरपता समोर बसलेली. दिवाळी काही लांब नाही, इतवारीने स्वतःला समजावलं. शेठचे शब्द त्याने स्वतःच्या तोंडात घेतले आणि घासाबरोबर गिळून टाकले.

"सांभाळून राहाजो बापा," तो विनोदला म्हणाला. तेवढंच.

"तुमचा डबा असल्यावर कायची चिंता, मामा," विनोद म्हणाला आणि मोटरसायकलकडे गेला. भूपेश बाहेरच थांबला होता. तो घरात आला नाही, आणि इतवारीने त्याला हाक मारली नाही.

धान लोंबीवर आलं होतं तेव्हा ते झालं. खाणीतला हवेचा पंखा बंद पडला, तोंडाशी गॅस साचला, आणि पंखा सुरू झाल्याचं कळताच, गॅस अजून पुरता निघून गेला नसताना, विनोदने स्विच टाकला. डब्यातून भडका बाहेर आला आणि छताखालचा गॅस पेटला. भडका मोठा नव्हता, असं साहेब म्हणाले. जवळ उभा होता तेवढाच भाजला. नागपूरच्या दवाखान्यात तो दोन दिवस शुद्धीत होता आणि पाणी मागत होता. डॉक्टर देऊ देत नव्हते. तिसऱ्या दिवशी तो गेला.

भडका झाला त्याच दिवशी शेठ गाडी घेऊन खाणीवर गेला आणि मासोळीचे सगळे डबे दुरुस्तीच्या नावाखाली उचलून घेऊन आला. संध्याकाळपर्यंत कडा घासून साफ झाल्या. पेटलेल्या डब्यातली राळ तर जळूनच गेली होती. चौकशीवाल्यांना काही सापडलं नाही. शेठने इतवारीला निरोप पाठवला की कामावर ये, हात बरा नसला तरी चालते, बसून राहा. त्याच्या हिशेबी हा उपकार होता.

विनोदला आसगावला आणलं, नदीकाठी जाळलं. भूपेश खांदा देऊन आला आणि घराच्या मागे जाऊन एकटाच बसला. मयतीच्या घरी चूल पेटत नाही. भात शेजारून येतो, आणि त्या घरच्या बाईच्या तोंडात पहिला घास तिच्या माहेरच्या माणसाने घालायचा असतो. धुरपताच्या माहेरी कोणी उरलं नव्हतं. सगळ्यांनी इतवारीकडे पाहिलं. भाऊ तोच होता.

दुर्गाने भाताचं ताट त्याच्या पुढे सरकवलं. पट्टी निघून गेली होती. तळवा गुलाबी, आवळून आलेला, बोटं पुरती मिटत नव्हती. त्या हाताने त्याने भात कालवला. धुरपता भिंतीला टेकून बसली होती. तिने घासाकडे पाहिलंच नाही, त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"दादा, तू डब्याचा मिस्त्री. तुले समजते," ती म्हणाली. "सांग ना मले. कायनं झालं?"

आंगणात बसलेल्या बायांनी माना वळवल्या. दारात भूपेश उभा होता. इतवारीला वाटलं, आता जमीन तरी फाटेल नाही तर भूपेश तरी बोलेल. दोन्ही झालं नाही.

"पाणी गेलं असन आत," इतवारी म्हणाला.

धुरपता विचार करत राहिली. रडून तिचा आवाज बसला होता, पण डोकं शाबूत होतं. "पण तो मासोळीचा डबा होता ना, दादा? त्यात पाणी जात नाही. विनोदनंच सांगतलं मले. किती खूश होता." ती थांबली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला, काहीतरी कळल्यासारखा. "नवा होता ना तो त्या कामाले. त्यानंच झाकण बराबर नसन लावलं. लहानपणापासून तसाच, घरचा दरवाजा बी उघडा टाकून जाये. माह्या पोरानंच तुहा डबा खराब केला, दादा."

तिने पदराने डोळे पुसले, इतवारीचा भाजलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि त्याच्यासाठी वाईट वाटून त्यावरून बोटं फिरवली.

"असन," इतवारी म्हणाला.

तिने तोंड उघडलं. त्याने घास भरवला, तिने तो चावून गिळला, आणि तो दुसरा घास कालवायला लागला.